लाभ, दोन, तीन

तीन वर्षं मी मोंढ्यातून, धान्याच्या बाजारातून, आणलेल्या ज्वारीच्या भाकरी थापल्या आणि तीनही वर्षं थापता थापता एका म्हातारीशी मनातल्या मनात भांडत राहिले. भाकरीच्या कडेला चीर गेली की भांडणाला जोर चढायचा. खऱ्या शाळूचं, म्हणजे रब्बीच्या ज्वारीचं, पीठ हाताला चिकण लागतं, भाकरी परातीत आपोआप फिरते आणि दुसऱ्या दिवशीही मऊ राहते. मोंढ्यातल्या पोत्यात वर शाळू असतो. खाली काय आहे ते गिरणीवाल्याला आपल्या आधी कळतं.

धाराशिवात माझी खानावळ आहे. भाड्याच्या खोलीत, एका स्टोव्हवर, चार नोकरदारांच्या डब्यांपासून ती सुरू झाली. पाठीशी कुणी नव्हतं. मला जे आलं ते बाजारात उभं राहून आलं. तुरीची डाळ दाताखाली फोडून बघायची, शेंगदाणा मुठीत चोळून हुंगायचा, गूळ नखानं खरवडायचा आणि भाव ऐकला की पहिल्यांदा पाठ फिरवायची. पाठ फिरवून सात पावलं चाललं की दुकानदार हाक मारतो. पाचव्या पावलाला जो मागं वळून बघतो त्याला चढाच भाव लागतो. हे मला कुणी शिकवलं नाही, पावलं मोजत मीच शिकले.

खानावळीचा माल आठवड्याला येतो आणि उडतो. घरचं भरणं मात्र वर्षाचं असतं, चैत्रात असतं आणि ते मी कुणावर सोपवत नाही. माझ्या मालकांना साखरेचा त्रास निघाला तेव्हापासून तर नाहीच. डॉक्टरांनी त्यांचा सकाळचा पाव, चपाती आणि भाताचा डोंगर बंद केला आणि ज्वारीच्या दोन भाकरी ठरवून दिल्या. माणूस कमी बोलणारा. ताटावर बसला की एकच विचारायचा, "मोंढ्यातली का?" मी हो म्हटलं की मान खाली घालून खायचा. त्यानं तक्रार केली असती तर मी भांडले असते. तो नुसता विचारायचा, त्याला काय उत्तर द्यायचं?

घरात किती वस्तू आहेत यापेक्षा एक वस्तू किती कामाला येते ते मी बघते. ज्वारी असली की भाकरी आहे, कण्या आहेत, उन्हाळ्यात आंबील आहे, चहाबरोबर लाह्या आहेत आणि शिळ्या भाजीत पीठ कालवलं तर धपाटे आहेत. हरभऱ्याचं तसंच. अख्खा भिजवला तर उसळ, भरडला तर डाळ, दळला तर पिठलं, भाजला तर फुटाणे. हुलगे, म्हणजे कुळीथ, थंडीत माडग्याला आणि शेंगोळ्यांना. जवस, कारळ आणि शेंगदाणे यांच्या तीन चटण्या फळीवर असल्या की तोंडी लावायला कोरड्यास नाही म्हणून कुणाची भाकरी अडत नाही. आणि येसर तर पाहिजेच. ज्वारी, गहू, हरभऱ्याची डाळ, धने आणि मिरी भाजून दळलेलं ते पीठ. घरात भाजीचं पान नसलं तरी फोडणीच्या पाण्यात दोन चमचे येसर टाकलं की आमटी उकळायला लागते. तेल करडईचं, घाण्यावरून डोळ्यांसमोर काढून आणलेलं. एवढं असलं की पाहुणा कधीही येऊ दे.

हल्ली खानावळीत येणारी शिकलेली मुलं कारळाची चटणी बघितली की एकमेकांना सांगतात, हे तब्येतीला चांगलं. एकानं मला ज्वारीच्या पिठाचं चकचकीत पाकीट दाखवलं, वर इंग्रजी अक्षरं आणि ज्वारीच्या कणसाचं चित्र. मी भाव विचारला आणि पाकीट त्याच्या हातात परत दिलं. आई असती तर हसली असती. तिनं आम्हाला हुलगे खाऊ घातले ते तब्येतीसाठी नाही, तूर परवडत नव्हती म्हणून. आम्ही भावंडं काटक झालो हा त्यातला फायदा, तो तिनं धरला नव्हता.

आई दुसऱ्यांच्या रानात मजुरीला जायची. काढणीच्या दिवसांत मजुरी धान्यात मिळायची, ती पदरात बांधून आणायची. संध्याकाळी उद्याच्या दळणासाठी ती मापट्यानं ज्वारी काढायला बसली की पहिलं मापटं भरताना म्हणायची, "लाभ." ते मापटं दळणात जात नसे. कोपऱ्यात एक गाडगं होतं, त्यात जात असे. मग दुसरं मापटं सुपात पडायचं तेव्हा ती म्हणायची, "एक." पावसानं ओढ दिली, खुरपणी थांबली, कुणी कामाला बोलावेना झालं की ते गाडगं उघडायचं. एरवी त्याला हात लावायची कुणाची बिशाद नव्हती. माझ्या धाकट्या भावानं एकदा त्यातली मूठभर ज्वारी चिमण्यांना टाकली तर आईनं त्याला दिवसभर उन्हात चिमण्या हाकायला बसवलं होतं.

मी संसार मांडला तेव्हा गाडग्याच्या जागी स्टीलचा मोठा डबा आला. ज्वारी असो, तूर असो, तांदूळ असो, नवं पोतं उघडलं की पहिलं माप त्याच्या त्याच्या राखणीच्या डब्यात. लाभ. मग एक. टाळेबंदीत अख्खी गल्ली किराण्यासाठी रांगेत उभी होती तेव्हा माझ्या घरात डाळ शिजत होती, ती या डब्यांतून.

आता म्हातारीचं सांगते. येडशीच्या पुढं, रामलिंगाच्या रानाला लागून तिची जमीन आहे. नात्यातली नाही, पण मी मावशी म्हणायचे. अकरा वर्षं माझ्या घरचा शाळू तिच्याकडचा. तिचे मालक होते तोवर ते पोत्यांना काटा लावायचे, मी आकडा बघायचे, भाव आधीच तुटलेला असायचा. मालक गेले आणि मावशीनं काटा माळ्यावर टाकून मापाची पायली काढली.

"काट्याचं आकडं मला दिसत न्हाईत," ती म्हणाली. "पायली हाताला कळती."

मला चाललं. पायलीत भांडायला जागा जास्त असते. धान्य मापाच्या काठावर जो ढीग उभा राहतो ती शीग, आणि शीग राखून मोजलं की घेणाऱ्याचं भलं. मी शिगेची बोलणी केली, वीस पायल्या ठरल्या. अंगणात ताडपत्रीवर रास होती. बाजूला दोन बायका हरभरा निवडत होत्या, एक शेजारी बिडी ओढत बसला होता, माझा टेम्पोवाला होता. मावशीनं पहिली पायली भरली, मोठ्यानं "लाभ" म्हणाली आणि पोत्यात रिकामी केली. मला बरं वाटलं. म्हातारी रीत पाळणारी आहे, वरची पायली देतेय, असं मनात आलं. पुढच्या पायल्या तिनं नुसते ओठ हलवत मोजल्या. मीही मनात मोजत होते. एक, दोन, तीन.

तिनं पायली खाली ठेवली. "झाल्या वीस."

"मावशी, एकोणीस झाल्या."

"वीस झाल्या. तुझ्यासमूर टाकल्या."

"मी मोजत होते की. लाभ सोडून एकोणीस."

"लाभ सोडून?" तिनं मान वर केली. "लाभ कशापायी सोडायचा?"

"लाभ मोजत नसतात."

मावशी हरभरा निवडणाऱ्या बायकांकडं वळली. "ऐकलं का? लाभ मोजत नसत्यात म्हणं."

बायका हसल्या. शेजाऱ्यानं बिडी तोंडातून काढली, नीट ऐकू यावं म्हणून. तिथं माझं डोकं फिरलं. वीस पायल्यांचा भाव देऊन एकोणीस घेऊन जाणारी बाई मी नव्हते आणि वर माझंच हसू होत होतं. मी म्हटलं, "मालक होते तोवर असं माप या घरात झालं न्हाई. म्हातारपणी तरी खोटं मोजू नका."

हे मी बोलले. आज लिहितानाही ते वाक्य गाळावंसं वाटतं, पण गाळत नाही.

मावशी उठली नाही, ओरडली नाही. पायली पालथी घातली आणि त्यावर हात ठेवून म्हणाली, "बाई, तुझ्या घरी कधी रास मोजलीच न्हाय. तुला लाभ कुठनं कळंल?"

मी टेम्पोवाल्याला पोती परत ताडपत्रीवर ओतायला लावली, दिलेले पैसे मागून घेतले आणि निघाले. वाटेत टेम्पोवाला काहीतरी म्हणायला गेला, मी त्याला रस्त्याकडं बघायला सांगितलं.

मापाचं मला एवढं लागलं नव्हतं. धान्य आज कमी, उद्या जास्त. लागलं ते रास मोजलीच न्हाय हे. चार माणसांत, अंगणात. बारा टेबलांची खानावळ, स्वतःचं घर, पोराचं शिक्षण, सगळं त्या एका वाक्यानं आईच्या पदरातल्या ज्वारीएवढं केलं. जो कुणी मोंढ्यातली ज्वारी का घेता असं विचारी त्याला मी सांगायचे, येडशीकडची एक म्हातारी खोटं माप करते. तीन वर्षं सांगितलं. किती जणांना, ते आठवत नाही.

गेल्या दिवाळीनंतर मुलाचं लग्न झालं. सून सोनारीकडची, घरची शेती असलेली. तिच्या माहेरच्या बोलण्याप्रमाणं मला आत्या म्हणते. चैत्रात भरणं आलं तेव्हा मी धान्यात घालायला कडुनिंबाचा पाला निवडत बसले आणि तिला म्हटलं, पोत्यातली ज्वारी कोठीत टाक, मोजून टाक. तिनं पायली भरली.

"लाभ," ती म्हणाली. मी समाधानानं मान हलवली. तिनं पायली सरळ कोठीत ओतली आणि पुढची भरली. "दोन. तीन."

"थांब," मी म्हटलं. "एक कुठं गेला?"

"लाभ म्हणजे एकच की, आत्या."

"लाभ वेगळा. तो बाजूला काढायचा, मग एक."

"आमच्यात न्हाई बाई तसं. राशीला पहिल्या मापाला एक म्हणत न्हाईत, एकावरच थांबंल म्हणून. लाभ म्हणायचं. पण मोजायला ते एकच."

"तुमच्याकडंच असंल."

ती हसली, ओढणीला हात पुसले आणि वडिलांना फोन लावला. स्पीकर चालू. "पप्पा, रास मोजताना लाभ म्हणजे किती?"

"एक," वडील म्हणाले. "का गं? कुणाला ठावं न्हाई?"

सुनेनं माझ्याकडं बघितलं. "कुणाला न्हाई. असंच इचारलं," म्हणाली आणि फोन ठेवला. पोरगी शहाणी आहे. त्या दिवशी मी तिच्यावर उगाच दोनदा ओरडले.

दुपारी पाला हातात तसाच राहिला. म्हणजे लाभ धरून वीस. म्हातारीनं पुरत्या वीस पायल्या टाकल्या होत्या, शीग राखून. सगळ्या जिल्ह्याला जे ठाऊक होतं ते मला ठाऊक नव्हतं. का नव्हतं? कारण आमच्या घरी रास कधी मोजलीच नव्हती. आयुष्यभर मी किलोवर घेतलं, किलोवर विकलं, आणि लाभ हा शब्द फक्त एका बाईच्या तोंडून ऐकला, जिच्यासमोर मापटंभर ज्वारी असायची. मावशी जे बोलली ते खरं होतं. खोटं असतं तर मी ते तीन वर्षं उराशी धरलं नसतं.

मालकांना मी हे सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. "मग आता?"

"आता काय?"

"आता ज्वारी कुठली?"

चार दिवसांनी सुनेला घेऊन गेले. हुलगे बघायला जातेय असं घरी सांगितलं. मावशी ओसरीवर काळा चष्मा लावून बसली होती, डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. त्याच दोन बायका शेंगा फोडत होत्या.

"कोण हाय?" मावशीनं विचारलं.

त्यातली एक म्हणाली, "लाभवाली आलीया."

तीन वर्षं त्या गावात माझं नाव लाभवाली होतं, हे मला तिथं कळलं. सून ओढणीआड हसत होती ते मी बघितलं.

हुलग्यांचं बोलून झालं. चहा झाला. मग मी सहज विचारावं तसं शाळूचं विचारलं.

"इकाय न्हाय," मावशी म्हणाली. "पोरानं समदीकडं सोयाबीन न् हरभरा केला. खायापुरता एकरभर शाळू व्हता, त्यातला निम्मा हरणांनी नेला."

"चढ्या भावानं घेते."

"भावाचं न्हाय बाई. न्हाय म्हणजे न्हाय."

मग मी पिशवी उचलली आणि पाठ फिरवली. सात पावलं झाली. हाक आली नाही. दहा झाली. बारा झाली, फाटक आलं. मागं वळून बघितलं तर सून जागची हलली नव्हती. ती मावशीच्या शेजारी बसून शेंगा फोडत होती. दोघी काहीतरी बोलत होत्या. मला कुणी बघतही नव्हतं.

एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मी सौदा करताना परत फिरले. ओसरीपाशी येऊन उभी राहिले. बायकांनी हात थांबवले.

"मावशी, लाभ म्हणजे एक," मी म्हटलं.

"कुणी सांगितलं?"

"सुनेनं."

"सून शानी हाय. तुझ्याकडं कशी आली?"

बायका हसल्या. मी बसले. बसले आणि आईचं गाडगं सांगितलं, मापटं सांगितलं, सुपात पडणारा एक सांगितला. मला वाटलं होतं ऐकून म्हातारी विरघळेल. ती म्हणाली, "मग ती राखण झाली. त्येला लाभ म्हणत न्हाईत. तुझ्या आईनं नाव चुकिवलं."

"माझ्या आईनं काही चुकवलं न्हाई." माझा आवाज चढला तो चढलाच. "तुमच्याकडं रास होती, तुम्ही मोजून आत टाकली. आमच्याकडं पदरभर यायचं. त्यातलं पहिलं माप खाल्लं न्हाई म्हणून पावसाळा निभायचा. मग लाभ कशाला म्हणायचं? जे खाल्लं त्याला?"

मावशीनं चष्मा काढला, डोळा पुसला, परत लावला. डोळ्याला औषध होतं, दुसरं काही नाही.

"रास मोजली न्हवतीच ना पर?" ती म्हणाली.

"न्हाई."

"मग म्या काय खोटं बोलले व्हय?"

"न्हाई. मी बोलले खोटं."

हे मी हळू बोलले. शेंगा फोडणाऱ्या बायकांना ऐकू गेलं असावं, कारण त्या एकदम खाली बघून भराभर फोडायला लागल्या.

मावशीनं चाचपून एक शेंग उचलली, फोडली, दाणा तोंडात टाकला. मग म्हणाली, "धा पायल्या देती."

"पंधरा."

"आम्ही काय माती खावी?"

"बरं, बारा."

"बारा. आन् मोजायचं तू. मोठ्यानं. मला दिसत न्हाय."

कोठीच्या खोलीत मी पायली हातात घेतली. लोखंडी, काठ घासून गुळगुळीत झालेले. भरली, शीग उभी केली. "लाभ," मी म्हटलं आणि पोत्यात ओतली. पुढची भरली. जिभेला एक म्हणायची सवय होती.

"दोन," मी म्हटलं.

"ऐकू न्हाय आलं," बाहेरून मावशी म्हणाली. ऐकू सगळं येतं तिला.

"दोन!"

बारा झाल्या तेव्हा तिनं ओसरीवरून विचारलं, "लाभ धरून?"

"लाभ धरून."

तिनं माफी मागितली नाही. मी मागितली का, तर त्याला माफी म्हणायचं की नाही ते वाचणाऱ्यानं ठरवावं. ज्यांना ज्यांना मी खोट्या मापाचं सांगितलं होतं त्यांतले चारपाच जण खानावळीत अजून येतात, त्यांना खरं सांगून झालं. बाकीचे आठवतील तसे. आणि चारचौघांत माझं घर काढायची गरज नव्हती असं मला अजूनही वाटतं. पुढच्या वर्षी मी तिच्याकडं पंधरा मागणार आहे.

संध्याकाळी मालक ताटावर बसले. पहिला घास मोडला, चावला आणि काही विचारलं नाही. दुसरी भाकरी मागून घेतली, तिसरीला मी हात आडवा केला.

दुसऱ्या दिवशी शाळू कोठीत भरायला काढला. माझ्या पायलीनं मी तो पुन्हा मोजणारच होते, इतकी सुधारले नाही. सून पोत्याचं तोंड धरून बसली. पहिली पायली मी भरली, "लाभ" म्हटलं आणि स्टीलच्या डब्यात ओतली. पुढची भरून कोठीवर धरली. सून माझ्या तोंडाकडं बघत होती.

"एक," मी म्हटलं.

तिनं पोत्याचं तोंड आणखी उघडून धरलं. पोतं रिकामं झालं तेव्हा तिनं ते झटकलं, घडी घातली आणि अगदी साळसूदपणानं म्हणाली, "अकराच भरल्या की, आत्या. मावशीनं एक कमी घातली वाटतं."

"डब्यात बघ," मी म्हटलं. "बारावी तिथं आहे."